गोळीने ताप उतरतो, रोग नव्हे



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अध्यात्म अशा विषयांवर बोलण्याची वहिवाट आहे. त्या पंक्तीत आम्ही एका पांढऱ्या गोळीला आणून बसवीत आहो, हे पाहून कित्येकांना नवल वाटेल. परंतु ज्या वस्तूचा घरात वर्षभर राबता असतो, तिच्याविषयीच आपले ज्ञान पुष्कळदा सर्वांत तोकडे असते. सावेडीतल्या एखाद्या बंगल्यातील कपाट उघडा, की पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाची पत्र्याची पेटी उघडा. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो यांपैकी एखादे पाकीट हाती लागण्याचा संभव फार. नावे निराळी, आतील द्रव्य एकच. आपण त्याला पॅरासिटामॉल म्हणतो. अमेरिकेत त्यालाच असिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही नावे एकाच लांबलचक रासायनिक नावाचे निरनिराळे तुकडे जोडून केलेली आहेत.

या द्रव्याचा पूर्वेतिहास मोठा बोधप्रद आहे. १८८६ साली स्ट्रासबुर्ग येथे कान आणि हेप या दोन वैद्यांनी नॅफ्थलीन म्हणून रोग्याला जे दिले, ते वस्तुतः दुसरेच द्रव्य निघाले, आणि त्याने ताप उतरला. ते द्रव्य म्हणजे असिटानिलाइड. ते बाजारात आले. पण त्याने रक्त बिघडून माणसे निळी पडू लागली. पुढच्याच वर्षी फेनासेटिन आले; ते अनेक दशके खपले, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी करते असे पुढे आढळले. या दोहोंचे निरुपद्रवी भावंड, म्हणजे आपले पॅरासिटामॉल, त्यापूर्वीच प्रयोगशाळेत तयार झालेले होते. परंतु १८९३ साली फॉन मेरिंग यांनी त्यावरही रक्त बिघडवण्याचा ठपका ठेवला आणि ते अडगळीत पडले. १९४८-४९ साली ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवून दिले, की त्या दोन्ही जुन्या औषधांचा गुण शरीरात तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलचाच होता. १९५५ साली अमेरिकेत व १९५६ साली इंग्लंडात ते विक्रीस आले. एका चुकीच्या शेऱ्यापायी अर्धशतकाहून अधिक काळ जगाने चांगले सोडून वाईट पत्करले, असा याचा अर्थ.

आता ही गोळी करते काय? आपल्या मेंदूत शरीराच्या उष्णतेचे मान ठरवणारे एक केंद्र आहे. जंतू शिरले, की शरीर आपणहून हे मान वर चढवते. म्हणून हुडहुडी भरते, गोधडी घ्यावीशी वाटते, आणि अंग तापते. गोळी हे वर चढलेले मान खाली आणते. वेदनाही कमी करते. पण जंतू मारीत नाही, आणि सूजही फारशी उतरवीत नाही. ताप हा दारावर आलेला निरोप्या आहे. गोळी निरोप्याला बाहेर बसवते. त्याच्या हातातील पत्र मात्र आपल्यालाच वाचावे लागते.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दोन मोठे धोके टळतात. पहिला धोका या ऋतूतला. नगरच्या वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. उन्हात राबणाऱ्याचे अंग तव्यासारखे तापते, तो बरळू लागतो, आणि घरचे लोक त्याला तापाची गोळी देतात. परंतु येथे मेंदूतील मान वर चढलेलेच नसते. शरीराला बाहेरची उष्णता झेपेनाशी झालेली असते. तेथे ही गोळी काहीही काम करीत नाही, उलट आधीच शिणलेल्या यकृतावर भार घालते. अशा माणसाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, आणि क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका पावसाळ्यातला. पिंपांतून व टाक्यांतून साठवलेल्या पाण्यावर डास पोसतात आणि डेंग्यू घरात येतो. त्यात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचे भय असते. म्हणून वैद्य पॅरासिटामॉलच सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण या रोगाची कसोटीची वेळ पुष्कळदा ताप उतरू लागल्यावरच येते. पोटात सतत कळ, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, अतिशय ग्लानी, ही लक्षणे दिसताच ताप नसला तरी धावले पाहिजे. "ताप उतरला, आता बरे आहे" हे आपल्या घरोघरचे समाधानाचे वाक्य येथे घात करू शकते.

आता या गोळीच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. घेतलेले बहुतेक औषध यकृत निमूटपणे निकालात काढते. थोडासा अंश मात्र विषारी रूप घेतो, आणि ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला तिथल्या तिथे निष्प्रभ करते. हा साठा मर्यादित असतो. गोळ्या फार झाल्या, की साठा संपतो आणि ते विष यकृतालाच खाऊ लागते. १९६६ साली स्कॉटलंडमधील वैद्यांनी असे मृत्यू प्रथम नोंदवले. यातील फसवेपणा असा, की पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा तीही होत नाही. दोन-तीन दिवसांनी यकृत ढासळते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे, परंतु तो आठ तासांच्या आत मिळाला तर उत्तम. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये.

धडधाकट प्रौढाची चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. ६५०च्या असतील तर सहाच. दोन वेळांत निदान चार तासांचे अंतर हवे. मद्यपी, कृश, उपाशी आणि यकृताचे रोगी यांची मर्यादा याहून पुष्कळ खाली असते. ती वैद्याला विचारावी. मुलांचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते: दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या एका पातळ औषधात पाच मिलिलिटरला १२५. एकाच्या मापाने दुसरे पाजले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचावा, आणि मापासाठी स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नये.

प्रत्यक्षात आठ गोळ्या मोजून खाणारा माणूस विरळाच; पण न कळत खाणारे पुष्कळ. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, कंबरदुखीच्या जोडगोळीत असते, आणि वर तापासाठी म्हणून निराळी घेतली जाते. अशा संयुक्त औषधांपैकी १५६ सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केली, आणि त्यांत ॲसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल यांची एक जोडगोळीही होती. इंग्लंडने तर १९९८ सालीच एका पाकिटातील गोळ्यांची संख्या बांधून टाकली: औषधाच्या दुकानात ३२, इतरत्र १६. आपल्याकडे पाकिटाचा तुकडा कात्रीने कापून हातावर ठेवतात. नाव आणि मुदतीची तारीख दुकानातच राहते.

तरीही गोळी दुर्मिळ करावी, असे आम्ही म्हणणार नाही. जेथे वैद्य दहा कोसांवर, तेथे आशा सेविकेच्या पेटीतील ही स्वस्त गोळी म्हणजे मोठा आधार. पण तिचा एक उपयोग आम्हांस अस्वस्थ करतो. ऊसतोडीच्या हंगामात एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. म्हणून बाई अंगात ताप असता, कंबर मोडलेली असता, गोळी गिळून डोक्यावर मोळी घेते. तेथे गोळी औषध राहत नाही. ती विश्रांतीच्या आणि रजेच्या जागी दिलेला मोबदला बनते. हा दोष रसायनाचा नव्हे, आपल्या व्यवहाराचा आहे, आणि तो औषधाच्या दुकानात दुरुस्त होणार नाही.

आमचे मागणे थोडेच आहे. प्रत्येक घराने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, गोळी घेतली की वेळ आणि मिलिग्रॅम लिहावे. दुकानदाराला विचारावे, "यात पॅरासिटामॉल आहे का?" आणि नाव व तारीख असलेला भाग मागून घ्यावा. प्रौढाचा ताप तीन दिवसांपलीकडे रेंगाळला, किंवा तीन महिन्यांखालील बाळाला ताप आलाच, तर गोळी बाजूला ठेवून वैद्याकडे जावे. आणि ज्यांच्या हाताखाली माणसे राबतात, त्यांनी तापलेल्या माणसाला गोळीबरोबर एक दिवसाची भरपगारी सुटीही द्यावी. हे औषध कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते आपल्यालाच तयार करावे लागेल.