माया मापात हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घोड्यावर बोला, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी म्हटले, मी काही झाशीची राणी नव्हे! पण आमची चंद्री घोडी कोल्हारात सर्वांच्या ओळखीची. पौष पौर्णिमेला भगवतीच्या यात्रेत मुले तिच्या पाठीवर बसतात, लग्नसराईत नवरदेव बसतो, एरवी ती मळ्यातून टांग्यात घास आणते. तिची लीदसुद्धा खताच्या कामी येते.

सासरे पूर्वी टांगा चालवीत. मोटारी वाढल्या, धंदा बसला. पण दारी घोडी हवीच, हा घरचा हट्ट राहिला. लगाम पुरुषांच्या हाती असला, तरी खरारा, वैरण, खूर साफ करणे आणि दिवसाचे 25-30 लिटर पाणी हे सारे आम्हा सासूसुनांकडे.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावोजींच्या वरातीत चंद्री मोठ्या डौलाने चालली. मला कौतुकाचे भरते आले. भिजवलेल्या हरभऱ्याचे रोजचे माप सोडून मी तोबरा कोरड्या हरभऱ्याने गच्च भरला आणि घामेजलेल्या घोडीच्या तोंडाला बांधला. मध्यरात्री पाहते तो ती पायाने जमीन उकरते आहे, वळून वळून पोटाकडे बघते आहे, लोळते आहे. पोटशूळ! कोणी म्हणाले, तेल पाजा. कोणी म्हणाले, ओवा पाजा. सासूबाईंनी सर्वांना थोपवले. म्हणाल्या, "डॉक्टर येईतो थेंबभर पाजायचे नाही."

पशुवैद्यांनी येऊन सुई दिली, नाकातून पोटात नळी घातली. तेव्हा मला कळले, की घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले जड झाले, की ते जिवावरच बेतते. म्हणून वैरण थोडी थोडी, वरचेवर द्यावी. दाणा मोजून द्यावा.

रात्रभर आम्ही दोघी तिच्याजवळ बसून होतो. पहाटे लीद पडली आणि सासूबाईंनी हात जोडले. भगिनींनो, लीद पाहून डोळ्यांत पाणी आलेल्या बायका आमच्याखेरीज कोणी नसतील!

दुसऱ्या दिवशी घरात निघाले, की ही जोखीम नको, मंगळवारी येवल्याच्या बाजारात घोडी विकून टाकू. मी मान खाली घालून उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "चूक मापाची झाली. शिक्षा मुक्या जनावराला कशाला?" मला मात्र त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. दाण्याच्या कोठीची किल्ली काढून माझ्याच हाती दिली.

तेव्हापासून माप चुकलेले नाही. सकाळी मी आधी लीद पाहते, मग पाण्याचे टाके, मग चारही खूर. मायेने हात सैल सुटतो; पण ज्याला बोलता येत नाही, त्याच्यावरची माया वेळेत आणि मापातच दिसावी लागते. हे मला शाळेने नव्हे, एका घोडीने आणि सासूने शिकवले.

आता चंद्रीच्या दाण्याची वेळ झाली आहे, म्हणून आपली रजा घेते.