भातुकलीचा चौथा भाग
(शिर्डी येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



बचत गट, दारूबंदी, रेशन यांच्या जोडीला आज संगणकावरचा खेळ हा विषय पाहून काहीजणी हसल्या. हसा, पण ऐका. ‘द सिम्स’ नावाचा हा खेळ आपल्या मुली भावाच्या लॅपटॉपवर खेळतात. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, “चौथा भाग आधीच्या तिघांपेक्षा चांगला आहे म्हणतात, ते खरं का?”

खेळ म्हणजे आपली भातुकलीच. घर बांधायचं, माणसं वसवायची, जेवू घालायची, कामाला धाडायची. 1991 साली अमेरिकेत ऑकलंडला मोठी आग लागली, तीत विल राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा मांडताना त्यांना हा खेळ सुचला. कंपनीतल्या मंडळींनी नाकं मुरडली. बाहुलीचं घर हा मुलींचा खेळ, तो संगणकावर कोण खेळणार? 2000 साली खेळ बाजारात आला आणि तुफान खपला. खेळणाऱ्यांत मुली-बायका मोठ्या संख्येनं होत्या.

मला त्या पहिल्या भागाचं कौतुक आहे ते एका गोष्टीसाठी. खरकटं ताट कोणी उचललं नाही तर ते तिथंच पडून राहतं, त्यावर माशा घोंगावतात. घरकाम आपोआप होत नाही, कोणीतरी करतं तेव्हा होतं, हे पडद्यावर दिसतं. हेच सांगण्यात आपली चळवळ किती वर्षं घसा कोरडा करते आहे! सरकारनं 2019 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष ते करत होते ते 97. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 आले. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, पुरुषांनी आपली नऊ वाचवून घेतली.

आता पुढचे भाग. 2004 च्या दुसऱ्यात माणसं म्हातारी होऊ लागली आणि दुडदुडणारी पोरं आली. त्यांना चालायला, बोलायला, शी-शूला शिकवायचं काम आलं. 2009 च्या तिसऱ्यात सारं गाव फिरायला मोकळं झालं. आणि 2014 च्या चौथ्यात काय व्हावं? दुडदुडणारं पोरच गायब! तान्हं बाळ पाळण्याला जणू चिकटवलेलं, आणि तिथून उठलं की थेट शाळेत. मधली वर्षं, ज्यांत आईचा रोजगार बुडतो, नोकरी सुटते, तीच नेमकी कापलेली. खेळणाऱ्यांनी ओरड केली तेव्हा जानेवारी 2017 मध्ये ती पोरं परत आली. रांगतं तान्हं बाळ यायला तर मार्च 2023 उजाडला.

धुण्याची गोष्ट याहून मजेची. चौथ्या भागात कपडे धुणं, वाळत घालणं हवं तर 2018 साली निघालेला वेगळा संच पैसे मोजून घ्यायचा. म्हणजे आपल्याला जे जन्मतः फुकट मिळतं ते तिथं विकत! इथं शिर्डीत लॉजच्या चादरी धुणाऱ्या बाईला मजुरी मिळते. तीच बाई घरी येऊन नवऱ्याचे कपडे धुते, त्याला काम म्हणत नाहीत.

चौथ्याचं श्रेयही देऊ या. 2016 साली कपडे, केस, आवाज यांवरची बाई-पुरुष अशी कुंपणं त्यानं काढली. गर्भ कोणाला राहील तेही खेळणारी ठरवते. 2022 साली स्वतःला काय म्हणवून घ्यायचं याचीही निवड इंग्रजीत आली. (आपल्या मराठीत क्रियापदसुद्धा आधी लिंग विचारतं, तेव्हा हे किती मोठं पाऊल ते आपल्याला कळेल.)

पण एक गोष्ट मला खटकते. या खेळात भांडी कोण घासणार हे बाई-पुरुषावर नाही, स्वभावावर ठरतं. पहिल्या भागापासून टापटिपीचा गुण आहेच. चौथ्यात टापटिपीचा माणूस साफसफाई करताना खूशही होतो. हे वाक्य घरी ऐकलंय ना? “तिला स्वच्छतेची आवडच आहे.” आवड म्हटलं की हिशेब मिटला. इथल्या द्वारकामाईत जातं ठेवलेलं आहे. साईबाबा स्वतः दळायला बसले, तेव्हा चार बायांनी पुढे होऊन त्यांच्या हातातला खुंटा काढून घेतला, ही कथा तुम्हाला पाठ आहे. भक्तीचा भाग बाजूला ठेवू. पुरुष जात्यावर बसलेला आपल्याला बघवत नाही, ही सवय त्या चौघींना कोणी लावली? स्वभाव कसा घडतो हेही विचारायला हवं.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, माणूस घडवण्यात चौथा भाग सरस आहे, संसार दाखवण्यात मात्र दुसरा. पोरं परत आली तेव्हा चौथ्यानं अंतर पुष्कळ भरून काढलं, पण धुण्याचे पैसे तो अजून घेतोच. मूळ खेळ ऑक्टोबर 2022 पासून फुकट आहे, तेव्हा बघायला खर्च नाही. गटातल्या ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी एका रविवारी मुलगा आणि मुलगी दोघांना शेजारी बसवा. खेळातलं खरकटं ताट आधी कोण उचलतं ते लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी घरातलं कोणी उचललं तेही. पुढच्या बैठकीला दोन्ही कागद घेऊन या.