बंब, डोली आणि घंटा

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर तापीचे पाणी पायऱ्यांपाशी असते. आग लागते ती मात्र वर वस्तीत. पाणी एकीकडे आणि आग दुसरीकडे, ही शहरांची फार जुनी अडचण होय. बुऱ्हाणपुरात सतराव्या शतकात, खानखानाच्या काळी, कुंडी भंडाऱ्याचे भूमिगत पाणी केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणले गेले. एरवी सर्वत्र भिस्त्याची पखाल हाच काय तो आधार. मुंबईस तर चहूंकडे समुद्र. तरीही १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातील आगीने वस्तीचा मोठा भाग गिळला. पुढे १८५५ साली पोलिसांच्या देखरेखीखाली घोड्यांच्या बंबांचे दल उभे राहिले, आणि १८८८ च्या कायद्यानंतर ते काम महापालिकेच्या अंगावर आले.

बंब हा शब्दही मोठा गमतीचा आहे. पोर्तुगीजांचा ‘बोंबा’ म्हणजे पाणी खेचणारे यंत्र. आपण तो शब्द घेतला आणि न्हाणीघरात पाणी तापविणाऱ्या तांब्याच्या भांड्यासही दिला. वाफेवर चालणाऱ्या जुन्या बंबाला तो दोन्ही अर्थांनी शोभत असे. आग विझवावयास निघालेल्या या गाडीच्या पोटातच भट्टी धगधगत असे! वर्दी येताच कोळसा पेटवावयाचा, घोडे जुंपावयाचे, आणि गाडी पोचेपर्यंत पंप चालण्याइतकी वाफ धरावयाची. धुराड्यातून ठिणग्या उडत आहेत, घंटा अखंड वाजत आहे, आणि लोक दुतर्फा भिंतींना चिकटून वाट मोकळी करीत आहेत, असा तो थाट. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीचे बंब आले आणि घोडे गेले. घंटा मात्र पुष्कळ वर्षे टिकली.

बंबाच्या घंटेने लोक घराबाहेर येत. त्याच मुंबईत एक गाडी अशीही होती की, जी दिसताच लोक दारे लावून घेत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हे मूळचे गोव्याचे. रोग ओळखून ते स्वस्थ बसले नाहीत. वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नाश यांसाठी त्यांनी धडपड केली. पण सरकारने रोगी घरातून हलविण्याची सक्ती आरंभिली, आणि रोग्यांच्या डोल्या व गाड्या गल्लीबोळांत फिरू लागल्या. गाडीत गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. त्यावरून, रुग्णालयात माणसे मुद्दाम मारतात अशी कंडी पिकली. आजारी आईला माळ्यावर लपवावे, मुलाला अंथरुणांच्या वळकटीमागे दडवावे, असे प्रकार होऊ लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावरच हल्ला केला. त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या गाडीत नातलगाला बसू देत नाहीत आणि जिचा मुक्काम कोठे, हे कोणी नीट सांगत नाही, तिच्यावर विश्वास तरी कोणी ठेवावा?

ट्रॅमचे भाग्य निराळे. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, ७ मे १९०७ ला विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची गाडी गेली तेव्हा तिला निरोप द्यावयास रस्त्यावर गर्दी लोटली होती. तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक नको.

बंबांविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात हजारो गाठी कापूस होता, आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. दुपारी धूर दिसला. कापसाची आग आतल्या आत कशी धुमसते, हे बुऱ्हाणपूरच्या मंडळींस सांगावयास नको. बंब आले, नळ्या जोडल्या गेल्या, जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. पण आगीचे मूळ सापडेना. जहाजाच्या सभोवतालचे पाणी उकळू लागले. पोटात काय भरले आहे, हे ठाऊक असलेली माणसे तेथे होती. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. पहिला स्फोट झाला तो ४ वाजून ६ मिनिटांनी. दुसरा त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही त्याचा हादरा उमटला. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले, आणि धक्क्याजवळ उभ्या असलेल्या बंबांचा चुराडा झाला.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. भायखळ्याच्या मुख्य ठाण्यात त्या दिवशी जवान रांगेत उभे राहतात, पुष्पचक्र वाहिले जाते. आणि तेवढ्यात कोठून वर्दी आली, तर रांग मोडून त्यांना गाडीकडे धावावे लागते.