वाग्दान आणि गृहप्रवेश



विवाह कोणत्या क्षणीं पूर्ण झाला असें मानावें, याविषयीं समाजासमाजांत मोठा भेद आहे. ज्या जामसर गांवाहून मी आपल्याशीं बोलण्यास आलों आहें, तें जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी मुलखांत आहे. तेथील वारली लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, चौकांत पालघट देवी बसते, आणि धवलेरी बाई गाणीं गाऊन लग्न लावते. पण या सोहळ्यास खर्च लागतो. तो जमेपर्यंत अनेक जोडपीं आधीं संसार मांडतात आणि विधि सवडीनें करतात. कित्येकदा मुलाच्या मांडवांत आईबापांचेंही लग्न लागतें. येथें घर आधीं आणि विधि मागाहून. शहरांतील पांढरपेशा घरांत साखरपुडा आधीं होतो. परंतु तो मोडला तर हळहळ वाटते, घटस्फोट कांहीं घ्यावा लागत नाहीं. प्राचीन यहुदी लोकांची रीत या दोहोंहून निराळी होती. त्यांच्यांत बंधन आधीं पडे आणि घर मागाहून मिळे. या एका फरकांत ख्रिस्ती श्रद्धेचें एक फार जुनें चित्र सांठविलेलें आहे. तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

यहुदी लोक महाराष्ट्राला परके नाहींत. अलिबागजवळील नवगांवच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत समजूत आहे. कोंकणांत त्यांनीं तेलघाणे चालविले, शनिवारीं घाणा बंद ठेवला, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणूं लागले. किहीमकर, पेणकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें, आणि मराठी ही त्यांची घरची भाषा. इ. स. १७९६ मध्यें सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. इ. स. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायल देशांत जाऊन राहिलीं. तथापि मुंबई, ठाणें आणि अलिबाग या बाजूस त्यांचीं थोडीं घरें अजून आहेत.

प्राचीन यहुदी विवाहाचे दोन टप्पे असत. पहिल्यास एरुसीन किंवा किद्दुशीन म्हणत. त्यांत साक्षीदारांसमक्ष वर वधूला कांहीं मूल्यवान वस्तु देई, आणि तिनें ती स्वीकारली कीं ती त्याची झाली. स्वीकार हा येथें महत्त्वाचा. दुसरा टप्पा निस्सुईन, म्हणजे वधूचा वराघरीं प्रवेश. मधल्या काळांत ती माहेरींच राही. मिश्ना हा यहुदी धर्मशास्त्राचा ग्रंथ इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाला. त्यांत कुमारिकेला तयारीसाठीं बारा महिन्यांची मुदत सांगितली आहे. या बारा महिन्यांत ती वराच्या घरीं नसे. तरी कायद्यानें ती त्याचीच असे, आणि हें बंधन सोडवावयाचें तर रीतसर सोडचिठ्ठी लागे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत योसेफ मरीयेला गुपचूप सोडण्याचा विचार करतो, तो याच काळांत. केवळ सोयरीक मोडावयाची असती तर ‘सोडण्या’चा प्रश्नच कशाला आला असता?

मध्ययुगांत हे दोन टप्पे एकाच दिवशीं होऊं लागले. आतां बेने इस्राएलांच्या लग्नांत आदल्या दिवशीं मेंदी होते. लग्नवेळीं वधू येतांना दिसली कीं वर स्वतः ‘योनाती झिव’ हें हिब्रू गीत म्हणतो. मग द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद, त्यानंतर अंगठी. तेवढ्यानें पहिला टप्पा पुरा होतो. पुढें केतुबा, म्हणजे वरानें पत्करलेल्या जबाबदाऱ्यांचें लग्नपत्र, सर्वांस वाचून दाखवितात, आणि त्यानंतर सात आशीर्वाद होऊन दुसरा टप्पा पुरा होतो. या वाचनानें दोन्ही टप्पे एकमेकांपासून वेगळे राखले जातात. पूर्वीं ज्या जागीं एका वर्षाचें वाट पाहणें होतें, त्या जागीं आतां एक वचनपत्र वाचलें जातें.

ख्रिस्ती धर्माचे पहिले लोक यहुदीच होते. त्यांच्या डोळ्यांपुढें ही दुटप्पी रीत नित्य होती. म्हणून करिंथच्या मंडळीला लिहितांना पौलानें तिला एका वराशीं वाग्दान झालेल्या कुमारिकेची उपमा दिली. ख्रिस्ती माणूस समजतो कीं ख्रिस्तानें आपल्या प्राणाचें मोल देऊन मंडळीला आपली केली. तें मोल दिलें गेलें, स्वीकारणाऱ्यानें स्वीकारलें, बंधन पडलें. परंतु गृहप्रवेश अजून व्हावयाचा आहे. बायबलाच्या अखेरच्या पुस्तकांत कोंकऱ्याच्या लग्नाचा सोहळा वर्णिला आहे, तो हाच गृहप्रवेश. श्रद्धा म्हणजे या दोन टप्प्यांमधला काळ. बाहेरून पाहणाऱ्यास ती अंधारांतील आशा वाटते. वाग्दत्तेला ती तशी वाटत नाहीं. तिच्या हातीं घर नाहीं, पण तिचा शब्द पक्का झालेला आहे.

मात्र या काळांत हात जोडून बसावयाचें नसतें. दहा कुमारींच्या दाखल्यांत वराला उशीर होतो, सर्वांनाच झोंप लागते, आणि त्याबद्दल कोणालाही बोल लावलेला नाहीं. दोष आहे तो तेल बरोबर न घेण्याचा. वर मध्यरात्रीं येतो तेव्हां शेजारणीचें तेल मागून भागत नाहीं. कोंकणांतील त्या शनवार तेल्यांना हा दाखला आपण सांगावयास गेलों असतों, तर तेलाची किंमत त्यांनींच आपल्याला समजावून दिली असती!

बेने इस्राएलांची आणखी एक रीत येथें सांगण्याजोगी आहे. मंगलकार्याच्या वेळीं ते मलिदा करतात. गोड पोहे, ओलें खोबरें आणि फळें ताटांत मांडून एलीया संदेष्ट्याचें स्मरण करतात. यहुदी श्रद्धेप्रमाणें मशीहाच्या आधीं येणारा तो हाच एलीया. ख्रिस्ती शास्त्रांत ही अग्रदूताची जागा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला दिली आहे. आणि तो स्वतःस काय म्हणवितो? वराचा मित्र. वराचा आवाज ऐकून ज्याला आनंद होतो, तो मित्र. दोन्हीं घरांत लग्नाच्या दारीं अग्रदूतच उभा आहे. भेद इतकाच कीं एका घरचे लोक म्हणतात वर येऊन गेला आणि पुन्हां येणार आहे, दुसऱ्या घरचे म्हणतात तो अजून यावयाचा आहे.

हा भेद लहान नाहीं, आणि तो झांकूं नये. ख्रिस्ती उपदेशक यहुदी लग्नाचें चित्र वापरतात तेव्हां कांहींजणांचा सूर असा लागतो, कीं जणूं यहुद्यांच्या विधींना स्वतःचा अर्थच नव्हता. हें न्यायाचें नव्हे. होशेय आणि यशया या संदेष्ट्यांनीं येशूच्या कित्येक शतकें आधीं देव आणि इस्राएल यांचें नातें पतिपत्नीचें म्हणून गाइलें. इस्राएल नजारा या सोळाव्या-सतराव्या शतकांतील कवीनें तर देव व इस्राएल यांच्यामधील एक केतुबाच रचला. शावुओत सणास कित्येक सेफार्दी प्रार्थनामंदिरांतून तो वाचतात. लग्नाच्या आनंदांत पेला फोडतात, तो यरुशलेमच्या मंदिराचा इ. स. ७० मधील विध्वंस विसरूं नये म्हणून. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मिशनच्या आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळांतून बेने इस्राएलांचीं मुलें शिकलीं. तेथें त्यांनीं हिब्रू आणि मराठी शास्त्राचा अभ्यास केला, आणि बहुतेक सर्व आपल्याच धर्मांत अधिक दृढ होऊन बाहेर पडलीं. मिशनऱ्यांनीं शिकविणें थांबविलें नाहीं, आणि त्यांनीं शिकणें सोडलें नाहीं. दोन्हीं बाजूंस हें भूषणावह आहे.

तेव्हां हें चित्र ख्रिस्ती माणसानें अवश्य पाहावें, पण ज्याच्या घरून तें आणलें त्याचें ऋण मानून पाहावें. आणि जो या दोहोंपैकीं कोणत्याच धर्माचा नाहीं, त्यानेंही एवढें त्यांतून घ्यावें: घर मिळण्यापूर्वींच शब्द बांधून घेणारी माणसें जगांत आहेत. आज आपण आधीं सर्व पारखून, हातीं घेऊन, मग शब्द देऊं पाहतों. त्या वाग्दत्तेनें शब्द आधीं स्वीकारला आणि बारा महिने दिवा तेलानें भरून ठेवला. तिच्या त्या वाट पाहण्याला शास्त्रानें विवाहच म्हटलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.