आधी विचारा, मग बांधा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "तू परदेशातल्या प्रकल्पांसाठी काम करतेस ना, मग त्याबद्दल पंधरा मिनिटं बोल. फक्त आम्हाला कळेल असं बोल." शेवटची अट बाईंनी घातली होती असं नंतर कळलं. त्यामुळे मी जपून बोलणार आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं आमची टीम सर्वेक्षणाची मोबाइल ॲप तयार करते. आंतरराष्ट्रीय मदतीवर चालणारे प्रकल्प असतात, पाण्याचे, शौचालयांचे, शाळांचे, शेतीचे. प्रकल्प सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कार्यकर्ते घरोघरी जाऊन माहिती घेतात. ती मोबाइलमध्ये भरतात. रेंज नसली तरी ॲप चाललं पाहिजे, कारण रेंज नसते. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही, मी शेणव्याची आहे.

या कामात गेली काही वर्षं एक विषय सारखा समोर येतो. अपंग व्यक्तींना या प्रकल्पांमध्ये सामावून घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं? सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' लिहितात, चळवळीतले बरेच जण 'अपंग' म्हणतात. आपल्याकडे तर माणसाचं नाव मागे पडतं आणि लंगडा, बहिरा, मुकी हेच नाव होऊन बसतं. शब्द कोणताही घ्या. माझा मुद्दा हिशेबाचा आहे.

थोडा इतिहास सांगते. 2000 साली संयुक्त राष्ट्रांनी जगाच्या विकासासाठी 8 उद्दिष्टं ठरवली. गरिबी, शिक्षण, बालमृत्यू, सगळं त्यात होतं. अपंगत्वाचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. 13 डिसेंबर 2006 रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. त्याचं 32वं कलम थेट आमच्या कामाबद्दल आहे. एका देशाने दुसऱ्या देशाला मदत करताना ते काम अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असंच असलं पाहिजे, असं ते सांगतं. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी हा करार मान्य केला. 2015 साली नवीन 17 उद्दिष्टं आली तेव्हा शिक्षण, रोजगार, शहरं अशा अनेक ठिकाणी अपंग व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख झाला. आपल्या देशात 2016 चा कायदा आला. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात 21 झाले.

म्हणजे कागद तयार आहे. आता अडतं ते गावात पोचल्यावर.

पहिली अडचण मोजण्याची. 2011 च्या जनगणनेत भारतात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात सुमारे 130 कोटी, म्हणजे 16 टक्के. दर सहा माणसांत एक. आपल्याकडची माणसं काही जगापेक्षा सातपट धडधाकट नाहीत. व्याख्या वेगळ्या आहेत हे खरं, पण बराचसा फरक प्रश्न कसा विचारला यातून पडतो.

"घरात कोणी अपंग आहे का?" असं विचारलं की घरातला कर्ता माणूस "नाही" म्हणतो. कधी लाजेने, कधी मुलीच्या लग्नाची काळजी म्हणून. आणि बऱ्याचदा त्याला खरंच तसं वाटत नसतं. म्हातारीला दिसत नाही, ते वयामुळे. पोरगा बोलत नाही, तो जरा हळू आहे. यात अपंग कोण?

यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली 2001 साली एक गट स्थापन झाला, वॉशिंग्टन ग्रुप. त्यांनी सहा साधे प्रश्न तयार केले. त्यात अपंग हा शब्दच नाही. चष्मा असेल तर तो लावूनही दिसायला त्रास होतो का? कानाचं यंत्र असेल तर ते लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा लक्ष द्यायला? अंघोळ करायला, कपडे घालायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला किंवा त्याचं समजून घ्यायला? प्रत्येकाला चार उत्तरं: नाही, थोडा त्रास, खूप त्रास, अजिबात जमत नाही. सहापैकी एकालाही 'खूप त्रास' किंवा 'अजिबात जमत नाही' असं उत्तर आलं की ती व्यक्ती मोजायची.

मराठी प्रश्नावलीची चाचणी घ्यायची वेळ आली तेव्हा मी आपलाच भाग सुचवला. शहापूर आणि मुरबाडच्या काही पाड्यांवर आम्ही फिरलो. एका घरी आधी जुना प्रश्न विचारला. उत्तर आलं, "नाय, कोणी नाय." मग हे सहा प्रश्न. त्याच घरातली आजी म्हणाली, "बोअरिंगवर जायचं म्हणजे खूपच त्रास गं बाई. मी जातच नाय आता." पाच मिनिटांपूर्वी तिचं अपंगत्व घराच्या हिशेबात नव्हतं.

या फिरण्यातून ॲपमध्ये दोन बदल झाले. एक, प्रत्येक उत्तराआधी नोंदवायचं की उत्तर कोण देतंय, ती व्यक्ती स्वतः की दुसरं कोणी. ज्याच्याबद्दल विचारतोय तो आत खाटेवर आणि उत्तर देणारा ओटीवर, असं सर्रास होतं. दोन, सर्वेक्षणाचा महिना. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. तेव्हा गेलात तर अर्ध्या घरांना कडी, आणि जे सोबत जाऊ शकत नाहीत तेच मागे राहिलेले. पावसाळ्यात गेलात तर चित्र निराळं. परदेशात बसून वेळापत्रक ठरवणाऱ्याला हे कुठून कळणार?

या सहा प्रश्नांनाही मर्यादा आहेत. मनाचे आजार त्यात नीट येत नाहीत. लहान मुलांसाठी ते चालत नाहीत, त्यासाठी युनिसेफबरोबर तयार झालेली वेगळी प्रश्नावली आहे. आणि हे प्रश्न म्हणजे दाखला नव्हे. दाखल्यासाठी डॉक्टरांकडेच जावं लागतं. पण योजना आखायला ते पुरेसे आहेत.

दुसरी अडचण बांधण्याची. आपण भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला देणारी माणसं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारीही आपणच. त्यामुळे पाण्याचंच उदाहरण घेते. सार्वजनिक नळाचा ओटा दोन फूट उंच, त्याला पायरी एकच, कडेला धरायला काही नाही, भोवती चिखल. अहवालात लिहिलं जातं की गावाला पाणी मिळालं. पण त्या आजीला नाही मिळालं. ओटा बांधतानाच एका बाजूने उतार आणि एक लोखंडी दांडा बसवला असता तर खर्च किरकोळ होता. काँक्रीट सुकल्यावर तेच काम करायचं म्हणजे फोडाफोड, नवीन मंजुरी, नवीन ठेकेदार. म्हणून ते कधीच होत नाही.

जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रात 'जलस्वराज्य' प्रकल्प झाला, तो काहींना आठवत असेल. गावाच्या पाणी समितीत बायका हव्यातच, अशी त्यात अट होती. सुरुवातीला बायका नुसत्या सह्यांपुरत्या होत्या अशी टीका झाली. पण जिथे त्या खरोखर बोलल्या, तिथे नळ कुठे हवा हे बदललं, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. अपंग व्यक्तींच्या बाबतीत मुद्दा तोच आहे. समितीत ज्याला जिना चढता येत नाही असा एक माणूस असेल, तर सभा वरच्या मजल्यावर ठेवताच येत नाही. तिथून बदल सुरू होतो. जगभरच्या अपंगांच्या चळवळीचं म्हणणंच आहे की आमच्याबद्दल काहीही आमच्याशिवाय ठरवू नका.

आमच्या क्षेत्रात याला दुहेरी मार्ग म्हणतात. एक मार्ग म्हणजे सगळ्यांसाठीचं काम सगळ्यांना वापरता येईल असं करणं. दुसरा म्हणजे ज्याला लागेल त्याला कुबडी, कानाचं यंत्र, चाकाची खुर्ची देणं. दोन्ही एकदम लागतात. आपल्याकडे दुसऱ्याचीच हौस जास्त. शिबिर होतं, फोटो निघतो, खुर्ची मिळते. ती खुर्ची असते दवाखान्याच्या फरशीवर चालणारी. पाड्यावरच्या वाटेत तिची पुढची बारीक चाकं रुततात. पंक्चर झालं की काढायला कोणी नाही. चार महिन्यांनी तिच्यावर लाकडं रचलेली मी पाहिली आहेत.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं काम तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आपल्या वाचनालयात असायला हवं. पुढे सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी'त अपंग व्यक्तींनी चालवायचा काजूप्रक्रियेचा उद्योग सुरू झाला. मला त्यात सर्वात महत्त्वाचं हे वाटतं की ठरवणारी व्यक्ती स्वतः खुर्चीवर होती. ओट्याची उंची किती हवी हे तिला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

आता आपल्या वर्गाबद्दल. आमच्या बॅचला आठवत असेल, एका पायात कॅलिपर असलेली एक मैत्रीण आपल्याबरोबर होती. पोलिओ झालेला. गणितात माझ्या पुढे. आठवीच्या पावसाळ्यानंतर ती आली नाही. तिच्या पाड्यावरून येताना ओहळ लागायचा, त्यावर साकव नव्हता. एसटीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्या वर. तिने परवानगी दिली आहे म्हणून सांगते, नाव मात्र घेऊ नको म्हणाली. मागच्या महिन्यात तिला भेटले. शाळा का सोडलीस, असं विचारलं. म्हणाली, "सोडली कुठे? येता येत नव्हतं. आणि कसं येशील, हे कोणी विचारलंही नाही." आज ती शिवणकाम करते, हिशेब तोंडपाठ असतो. एक साकव आणि एक प्रश्न, एवढ्याने कदाचित आज या माईकसमोर ती असती.

हे जुनं झालं असं म्हणू नका. आज आपण सगळ्यांनी मिळून शाळेसाठी निधी जमवला आहे आणि डिजिटल वर्ग बांधायचं ठरतंय. आराखडा मी पाहिला. खोली पहिल्या मजल्यावर आहे, कारण खाली जागा कमी पडते. माझी समितीला विनंती आहे की ही खोली खाली घ्या. वाटल्यास कार्यालयाचं सामान वर न्या. कार्यालयाला चालता येत नसलं तरी ते उचलून नेता येतं, मुलाला रोज कोण उचलणार?

बाकीचा हिशेब सोपा आहे. उताराचं प्रमाण एकास बारा. आपल्या शाळेचं जोतं दीड फूट आहे, म्हणजे उतार 18 फूट लांब हवा. त्याहून उभा केला तर तो घसरगुंडी होतो आणि फक्त फोटोपुरता उरतो. दार तीन फुटांचं, उंबरठा नको. एका शौचालयात कमोड, धरायला दांडा, दार बाहेर उघडणारं आणि आत खुर्ची वळेल एवढी, म्हणजे साधारण पाच फुटांची मोकळी जागा. आणि हे सगळं ठरवताना समितीत माझ्या त्या मैत्रिणीला घ्या. ती यायला तयार आहे. मी विचारलं आहे.

एक विनंती माझ्या धंद्यातली. डिजिटल वर्गातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर टाका. पडद्यावरचा मजकूर ते वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी ते बनवायला घेतलं, करननी 2006 साली सुरुवात केली. ते फुकट आहे आणि मराठीही वाचतं. मात्र मराठी युनिकोडमध्ये टाइप केलेली हवी. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि सॉफ्टवेअर ती इंग्रजी अक्षरंच वाचत सुटतं. तेव्हा या मेळाव्याची स्मरणिका निघेल ती युनिकोडमध्ये टाइप करा आणि तिची फाइल सगळ्यांना पाठवा. आपल्या काही गुरुजनांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी आपल्या वह्या तपासल्या, आता आपलं लिहिलेलं त्यांना ऐकता तरी येऊ दे.

न्यूयॉर्कमध्ये ठरलेलं कलम आणि शेणव्यातला 18 फुटांचा उतार यांत अंतर खूप वाटतं, पण ते कलम अमलात येतं ते अशा उतारावरच. खोदकाम अजून सुरू झालेलं नाही. आराखडा बदलायला एक पेन्सिल आणि एक बैठक पुरेल. ती बैठक आज जेवणानंतर घ्यावी, अशी संयोजकांना विनंती करते. उताराच्या सिमेंट-वाळूचा खर्च आमची बॅच उचलेल. मी बॅचला विचारूनच हे बोलते आहे, त्यामुळे आता कोणी मान खाली घालू नका.

बाई, पंधरा मिनिटं झाली. इथेच थांबते.