विषुववृत्तावरचा प्लाझ्मा आणि रडारचा पुरावा

मार्च-एप्रिलमध्ये सूर्य मावळला की दक्षिण भारताच्या आकाशात, तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर, मोठी उलथापालथ सुरू होते. डोळ्यांना ती दिसत नाही. उपग्रहांकडून येणारे रेडिओ संकेत मात्र थरथरू लागतात, स्थान सांगणाऱ्या यंत्रांत चुका शिरतात आणि विमानांसाठी उभारलेल्या ‘गगन’सारख्या प्रणालीची परीक्षा होते. आयनांबरातल्या प्लाझ्माच्या हालचालीमुळे हे सारे घडते. ही हालचाल खात्रीने मोजायची तर चुंबकीय विषुववृत्तावर, जमिनीवर, मोठे रडार हवे, असे माझे म्हणणे आहे. इतर साधने उपयोगाची आहेत. पण त्यांच्यावर विसंबून हे काम पुरे होत नाही.

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी उंचावरच्या विरळ हवेतले अणुरेणू फुटतात आणि इलेक्ट्रॉन व आयन मोकळे होतात. हाच प्लाझ्मा, आणि तो जिथे असतो तो हवेचा थर म्हणजे आयनांबर. चुंबकीय विषुववृत्तावर पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर, दक्षिणोत्तर पसरलेल्या असतात. दिवसा सुमारे शंभर किलोमीटरवरच्या वाऱ्यांमुळे पूर्वेकडे रोख असलेले विद्युत क्षेत्र तयार होते. चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आणि विद्युत क्षेत्र पूर्वेकडे असले की प्लाझ्मा वर सरकतो. वर गेलेला प्लाझ्मा चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतो. त्यामुळे विषुववृत्तावर कमी आणि पंधरा अंश चुंबकीय अक्षांशांच्या आसपास जास्त, अशी त्याची उलटी वाटणी दिसते. अ‍ॅपल्टन यांनी 1946 मध्ये ती दाखवून दिली. सूर्यास्तानंतर या विद्युत क्षेत्राची दिशा उलटते, पण उलटण्याआधी ते काही काळ उसळी घेते. आयनांबराचा थर झपाट्याने वर चढतो, त्याची खालची बाजू विरळ होते आणि दाट प्लाझ्मा विरळ भागावर येऊन बसतो. तेलावर पाणी ओतले तर तेल वर मुसंडी मारते. तसेच विरळ प्लाझ्माचे बुडबुडे दाट थर फोडून वर निघतात. म्हणजे सगळ्या घटनाक्रमाची किल्ली एकाच राशीत आहे, ती म्हणजे प्लाझ्माचा उभा वेग.

हा वेग मोजणे किती अवघड आहे ते पाहू. विल्यम गॉर्डन यांनी 1958 मध्ये सुचवले की पुरेसे शक्तिमान रडार असेल तर आयनांबरातल्या सुट्या इलेक्ट्रॉनांकडून परतणारा क्षीण प्रतिध्वनीही टिपता येईल. त्याच वर्षी केनेथ बोल्स यांनी तो टिपला. गॉर्डन यांच्या अंदाजापेक्षा त्याचा पट्टा बराच अरुंद निघाला, कारण इलेक्ट्रॉनांच्या हालचालीवर जड आयनांचा अंकुश असतो. पुढे बोल्स यांच्याच पुढाकाराने पेरू देशात, लिमा शहराजवळच्या कोरड्या दरीत, जिकामार्काची वेधशाळा उभी राहिली. तिचा अँटेना सुमारे तीनशे मीटर लांब-रुंद असून त्यात 18,432 द्विध्रुव आहेत. हे रडार सुमारे 50 मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे त्याची तरंगलांबी सहा मीटर. दुपारी तिथला प्लाझ्मा सेकंदाला वीसेक मीटर वेगाने वर सरकतो. एवढ्या वेगाने परतणाऱ्या लहरीच्या वारंवारितेत किती बदल होतो? सेकंदाला पाच कोटी कंपनांत जेमतेम सातांचा. आणि आयनांच्या उष्ण धावपळीमुळे प्रतिध्वनीच शेकडो हर्ट्झ फाकलेला असतो! त्यात हे सात हर्ट्झ सापडायचे कसे? पेरूचे शास्त्रज्ञ रोनाल्ड वुडमन यांनी वाट काढली. रडारची शलाका चुंबकीय रेषांना काटकोनात रोखली की आयन त्या रेषांभोवतीच घुटमळतात, प्रतिध्वनी कमालीचा अरुंद होतो आणि सात हर्ट्झ स्वच्छ वाचता येतात. डोक्यावर, जवळजवळ सरळ वर पाहत, असा काटकोन फक्त चुंबकीय विषुववृत्ताजवळ साधतो. रडार किती मोठे, याइतकेच ते कुठे उभे आहे याला महत्त्व येते ते यामुळे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. संध्याकाळी रडारला दिसणारे जोरदार प्रतिध्वनी सुट्या इलेक्ट्रॉनांचे नसतात; प्लाझ्मात उठलेल्या तीन मीटरच्या, म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्या आकाराच्या, लाटांचे असतात. लाटेचा वेग म्हणजे प्लाझ्माचा वेग नव्हे. हे खरे आहे. शंभर किलोमीटरवर चुंबकीय विषुववृत्तालगत वाहणाऱ्या विद्युत प्रवाहातल्या, म्हणजे इलेक्ट्रोजेटमधल्या, काही लाटा तर ध्वनीच्या वेगाला जखडलेल्या असतात. त्यांच्यावरून प्रवाहाचा वेग थेट वाचता येत नाही. पण म्हणून प्रतिध्वनी निरुपयोगी ठरत नाहीत. वुडमन आणि ला होस यांनी 1976 मध्ये उंची व वेळ यांचे नकाशे छापले. आधी खाली एक पातळ थर, मग त्यातून शेकडो किलोमीटर वर झेपावणारे पिसारे, हे सारे त्यांत दिसते. बुडबुडे खालून वर जातात, हे या नकाशांनी डोळ्यांपुढे आणले. शिवाय दिवसा दीडशे किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या प्रतिध्वनींचा उभा वेग त्याहून कितीतरी वरच्या प्लाझ्माच्या वेगाशी जुळतो, असे जिकामार्कातच ताडून पाहिले गेले. कोणता प्रतिध्वनी विश्वासाचा आणि कोणता नाही, हे रडारनेच शिकवले.

दुसरा आक्षेप स्वस्ताईचा आहे, आणि त्याचा आपल्या मुलखाशी संबंध आहे. कुलाब्याला 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये त्या अलिबागला हलल्या. विषुववृत्ताजवळच्या तिरुनेलवेलीच्या नोंदीतून अलिबागची नोंद वजा केली की इलेक्ट्रोजेटचा जोर कळतो, आणि त्यावरून प्लाझ्माच्या उभ्या वेगाचा अंदाज बांधता येतो. दोन चुंबकमापक पुरत असतील तर कोट्यवधींचे रडार कशाला? एक तर असा अंदाज बांधण्याचे सूत्र जिकामार्काच्या रडारशी ताडूनच मिळाले. दुसरे असे की सूर्य मावळला की शंभर किलोमीटरवरचा थर ओसरतो, तिथला प्रवाह मंदावतो आणि चुंबकमापक मुके होतात. बुडबुडे नेमके तेव्हाच उठतात. ज्या तासाला माहिती सर्वांत जास्त हवी, त्याच तासाला हे साधन काही सांगत नाही.

उपग्रह का नकोत? हवेतच. पण उपग्रह एका ठिकाणावरून काही सेकंदांत निघून जातो आणि साधारण दीड तासाने पृथ्वीची फेरी पुरी करतो, तोवर बुडबुडा उगवून मोठाही झालेला असतो. काय बदलले, जागा की वेळ, हे त्याच्या नोंदीवरून सांगणे कठीण. मग जिकामार्काच्या मोजमापांवरच भागवावे का? नाही, पेरूचे आकडे इथे चालत नाहीत. दक्षिण अमेरिकेत चुंबकीय क्षेत्र दुबळे, जमिनीवर सुमारे 25,000 नॅनोटेस्ला. तिरुनेलवेलीला ते 40,000 च्या आसपास. मीटरला अर्ध्या मिलिव्होल्टचे विद्युत क्षेत्र पेरूत प्लाझ्मा सेकंदाला वीस मीटरने उचलेल, तर इथे साडेबाराने. बुडबुडा उठणार की नाही, हे इतक्या फरकाने ठरू शकते.

आपल्याकडे काम झालेले नाही असे मुळीच नाही. थुंब्याचे प्रक्षेपण केंद्र 1963 मध्ये सुरू झाले ते तिथून चुंबकीय विषुववृत्त जाते म्हणूनच. तिथल्या रडारने इलेक्ट्रोजेटचा कसून अभ्यास केला. तिरुपतीजवळ गडंकीला 1024 यागी अँटेनांचे 53 मेगाहर्ट्झचे रडार आहे आणि त्यातून उत्तम संशोधन झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातला कॅमेरा रात्रीच्या आकाशातले बुडबुड्यांचे काळे पट्टे टिपतो. विषुववृत्तावर पाचशे किलोमीटरच्या आसपास पोहोचलेल्या बुडबुड्याची टोके चुंबकीय रेषांवरून महाराष्ट्राच्या आकाशापर्यंत उतरतात. पण गडंकी चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला सहा अंशांहून अधिक सरकलेले आहे, आणि जिकामार्काच्या तोडीचे रडार भारतातून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर आजही नाही. खर्च मोठा आहे, हे मान्य. तरी ज्या देशाने स्वतःची उपग्रह-दिशादर्शन प्रणाली उभारली, त्याने तिच्या वाटेत रोज संध्याकाळी येऊ शकणाऱ्या या अडथळ्याचा उगम दुसऱ्या खंडातल्या आकड्यांवरून ताडत बसू नये. तमिळनाडू-केरळच्या दक्षिण टोकाला असे रडार उभारण्याचा विचार आता व्हायला हवा, आणि विज्ञानात रस असलेल्या आपल्यासारख्या नागरिकांनी ही मागणी बोलून दाखवायला हवी.