स्टार्टरवरचे दोन काटे



डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं किमान तापमान राज्यभर बातम्यांत झळकतं. पारा चार-पाच अंशांवर उतरला, की पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष बागायतदाराला झोप लागत नाही. बागेत शेकोट्या पेटतात. पहाटे पाणी सोडलं जातं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं. मग एकाच डीपीवरच्या बहुतेक मोटरी एकदम चालू होतात, व्होल्टेज खाली येतं, आणि नेमकी गरज असते तेव्हाच कुणाची तरी मोटर जळते.

व्होल्टेज कमी, म्हणजे वीज कमी. मग मोटर थंड राहायला हवी, असं वाटणं साहजिक आहे. पाणी तापवायच्या हीटरच्या बाबतीत ते खरंच आहे. 230 व्होल्टला 1000 वॉटचा हीटर घ्या. वॉटला व्होल्टनं भागलं, की प्रवाह मिळतो: सुमारे 4.35 अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागलं, की रोध मिळतो: सुमारे 53 ओहम. कोलोनमधल्या एका शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी 1827 साली ग्रंथरूपानं मांडलेला नियम तो हाच. हीटरचा रोध जवळपास तोच राहतो, म्हणून 180 व्होल्टला प्रवाह 3.4 अँपिअरवर येतो आणि शक्ती 612 वॉटवर. पाणी उशिरा तापेल, पण हीटरला धोका नाही.

मोटरीचं तसं नाही. पंपाला पाणी तितक्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून मोटर तितकीच शक्ती मागत राहते. व्होल्टेज कमी मिळालं, तर ती प्रवाह जास्त ओढते. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर 415 व्होल्टला साधारण आठ अँपिअर घेते. हिशेब असा: 1.73 गुणिले 415 गुणिले 8, आणि त्याला पॉवर फॅक्टरचे 0.8. उत्तर येतं सुमारे 4600 वॉट. आठ तास चालली, तर जवळपास 37 युनिट. आता व्होल्टेज 340 झालं, तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जवळजवळ दहा अँपिअर लागतो.

आठाचे दहा झाले, त्यात काय मोठं, असं म्हणू नका. तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे 1840 च्या सुमारास जेम्स जूल यांनी प्रयोगानं दाखवलं. आठाचा वर्ग 64, दहाचा 100. वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून जास्त झाली. वाइंडिंगचं इन्सुलेशन त्यानंच करपतं.

हाच वर्ग केबलमध्येही लपलेला असतो. मीटरपासून विहीर तीनशे मीटर लांब आहे आणि पैसे वाचवायला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली आहे, असं धरा. एका तारेचा रोध सुमारे 2.2 ओहम होतो. आठ अँपिअरला तीन तारांत मिळून 420 वॉट नुसते केबल तापवण्यात जातात. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरहून जास्त वीज बांधाखालीच संपली. दहा अँपिअरला हा आकडा 660 वर जातो. सहा स्क्वेअर एमएमची केबल असती, तर आठ अँपिअरला पावणेदोनशेच वॉट गेले असते. मोटर एकदा रिवाइंडिंगला काढणं, तिचा खर्च आणि ऐन थंडीत बुडालेले दिवस यांच्यापुढे जाड केबल मला कधीच महाग वाटलेली नाही. सैल जॉइंट असेल तर तिथला रोध एकाच ठिकाणी एकवटतो, म्हणून जॉइंट काळा पडतो.

एक सावधगिरी. चालू मोटरीचे व्होल्ट अँपिअरनं भागून जे उत्तर येतं, तो वाइंडिंगचा रोध नव्हे. त्यात चुंबकत्वाचा आणि फिरण्याचाही वाटा असतो. वाइंडिंग तपासायचं, तर वीज पूर्ण बंद करून, केबल स्टार्टरपासून सोडवून, जाणकार वायरमनकडून मल्टिमीटरनं तिन्ही जोड्या मोजून घ्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत.

स्टार्टरजवळ योग्य मापाचा कपॅसिटर लावला, की डीपीपासून येणाऱ्या लाइनवरचा प्रवाह कमी होतो. एकट्यानं लावून फारसा फरक पडत नाही; एका डीपीवरच्या सगळ्यांनी लावले, तर सगळ्यांचंच व्होल्टेज सावरतं. हे गावानं एकत्र बसून करायचं काम आहे.

आणि कृपा करून, मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून ओव्हरलोड रिलेचा आकडा वाढवू नका. तो नेमप्लेटवरच्या अँपिअरलाच राहू द्या. व्होल्टेज चांगलं असेल त्या दिवशी पॅनलवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही वाचा, तारखेसह स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. थंडीच्या पहाटे बटण दाबल्यावर आधी त्या आकड्यांशी काटे जुळतात का ते पाहा. अँपिअर बरेच वर असतील, तर मोटर बंद करा आणि शेजाऱ्याची पाळी संपेपर्यंत थांबा.